खल्लीवल्ली म्हणून भागत नाही : प्रत्येक कॅम्पात मनाचा आरोग्यदूत हवा

गल्फमध्ये आलं की अरबी यायला वेळ लागतो, पण एक शब्द पहिल्या आठवड्यातच तोंडात बसतो. खल्लीवल्ली. पगार उशिरा झाला, खल्लीवल्ली. फोरमन ओरडला, खल्लीवल्ली. सुट्टी पुढं ढकलली, खल्लीवल्ली. जाऊ दे, सोडून दे. शब्द वाईट नाही. पंचेचाळीस डिग्रीत दिवस काढायचा तर बऱ्याच गोष्टी सोडूनच द्याव्या लागतात. पण हाच शब्द आपण माणसांनाही लावायला लागलो आहोत. शेजारच्या बंकवरचा माणूस चार रात्री झोपलेला नाही, मेसचा डबा तसाच परत जातो, घरचा फोन वाजतो तर उचलत नाही. आणि खोलीतले बाकीचे म्हणतात, "टेन्शन घेतो फार. खल्लीवल्ली."

मी बांधकामावर सुपरवायझर आहे, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला. मनाच्या आजाराचा डॉक्टर नाही. आणि या लेखाचा मुद्दा नेमका तोच आहे, की हे काम सगळंच्या सगळं डॉक्टरवर टाकून होणारं नाही. डॉक्टर लागतोच. पण आपला माणूस आणि तो डॉक्टर यांच्यामध्ये जी वाट आहे, ती चालून न्यायला आपल्यातलाच कुणीतरी शिकलेला माणूस लागतो. गावाकडे आपण त्याला आरोग्यदूत म्हणतो, आशाताई म्हणतो. इथल्या कॅम्पांत तो जवळपास कुठंच नाही. तो असायला हवा, ही आमची मागणी आहे.

फर्स्ट एडर आहे, मग हा का नाही?

कुठल्याही बऱ्या साइटवर जा. गेटजवळच्या बोर्डावर फर्स्ट एडरचा फोटो आणि नंबर लावलेला असतो. तो डॉक्टर नसतो. बहुतेक वेळा चार्जहँड असतो, स्टोअरकीपर असतो, एखादा सुतार असतो. छोटा कोर्स केलेला. त्याला ऑपरेशन करता येत नाही आणि कुणी तशी अपेक्षाही करत नाही. रक्त थांबवायचं, पडलेल्या माणसाला हलवायचं की नाही ते ठरवायचं, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सोबत थांबायचं, एवढंच त्याचं काम. तेवढ्यावर माणसं वाचतात.

मनाला मार लागला तर? त्या बोर्डावर कुणाचाच फोटो नाही. रोज सकाळी टूलबॉक्स टॉक होतो. हार्नेस, स्कॅफोल्डचा टॅग, उन्हाळ्यात पाणी आणि सावली. यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद, हे आता नवीन हेल्परलासुद्धा पाठ असतं, कारण ते पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. पण रात्रभर न झोपलेला माणूस बाराव्या मजल्याच्या कडेला शटरिंग लावायला उभा राहतो, तेव्हा त्याच्या हार्नेसची तपासणी होते, त्याची होत नाही.

दवाखाना आहे, पण पोचत का नाही?

लोक म्हणतात, इन्शुरन्स कार्ड आहे की, मग जा दवाखान्यात. दुबईत कामगाराचा आरोग्य विमा मालकाने काढायचा हा नियम २०१३ च्या कायद्याने आला, आणि १ जानेवारी २०२५ पासून यूएईच्या सगळ्या अमिरातींत खासगी कंपन्यांना आणि घरकामगार ठेवणाऱ्यांना तो लागू झाला. चांगलं झालं. पण कार्ड खिशात असणं आणि मनाच्या डॉक्टरपर्यंत पोचणं यात चार भिंती आहेत.

पहिली भिंत शब्दांची. आपला माणूस "मला डिप्रेशन आलंय" असं म्हणत नाही. तो म्हणतो, करमत नाही. छातीत भरून येतं. डोकं जड झालंय. जीव घाबरा होतो. कशात मन लागत नाही. हे तो तोडक्यामोडक्या हिंदीत सांगतो, समोरच्या डॉक्टरकडे पाच मिनिटं असतात, आणि तो पॅनाडॉल नाहीतर गॅसची गोळी घेऊन परत येतो. यात डॉक्टर खोटा नाही आणि पेशंटही खोटा नाही. पण खरी गोष्ट टेबलावर आलीच नाही.

दुसरी भिंत भीतीची. "फाइलवर आलं तर कॅन्सल करून पाठवतील." गामका मेडिकलपासून आपल्या मनात हे बसलेलं असतं की इथं शरीर फिट असेल तरच राहता येतं. म्हणून दुखणं लपवायचं.

तिसरी भिंत वेळेची. पहाटे पाचची बस, परत यायला संध्याकाळचे सात. दवाखान्यात जायचं म्हणजे दिवस जातो, ओव्हरटाइम जातो. कार्डावर काय चालतं, किती पैसे खिशातून जातील, हे धड माहीत नाही.

चौथी लाजेची. गावाकडे एक शब्द आहे, वेडा. तो एकदा चिकटला की सोयरीक मोडते, भाऊबंद हसतात. म्हणून बीडचा, लातूरचा, चिपळूणचा पोरगा घरी फोनवर "मस्त चाललंय" म्हणतो आणि कॅमेरा बंद ठेवतो.

यातल्या भीतीच्या भिंतीबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. यूएईत मानसिक आरोग्याचा नवा संघीय कायदा आला आहे, २०२३ चा कायदा क्रमांक १०. त्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हा त्याचा हक्क मानला आहे, आणि तज्ज्ञ वैद्यकीय समितीच्या अहवालाशिवाय मनाच्या आजाराचं कारण दाखवून कामावरून काढता येत नाही. आजारपणाची रजाही कामगार कायद्यात आहे. २०२१ च्या कायदा क्रमांक ३३ प्रमाणे प्रोबेशन संपल्यावर वर्षाला ९० दिवसांपर्यंत. त्यातले पहिले १५ पूर्ण पगारी, पुढचे ३० अर्ध्या पगारी, बाकीचे बिनपगारी. कतार, कुवेत, ओमान, सौदीतल्या वाचकांनी आपापल्या देशाचा कायदा पाहावा, कारण तो वेगळा आहे. पण कायदा कागदावर असतो. तो त्या खोलीतल्या माणसापर्यंत, त्याच्या भाषेत नेणारा कुणीतरी लागतो.

हे हवेतलं बोलणं नाही

डॉक्टर नसलेला साधा माणूस मनाच्या आजारात खरंच काही करू शकतो का? हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि त्याचं उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात, तपासून झालेलं आहे.

गोव्यात संगाथ नावाची संस्था १९९६ पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. त्यांनी स्थानिक माणसं निवडली, ज्यांचं आरोग्यखात्यातलं काही शिक्षण नव्हतं. काही आठवडे शिकवलं आणि दवाखान्यांत समुपदेशक म्हणून बसवलं. मानस नावाचा हा प्रयोग २४ दवाखान्यांत झाला, निम्मे सरकारी, निम्मे खासगी. निकाल २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. उदासी आणि चिंतेचा आजार असलेल्या लोकांपैकी, जिथं असे समुपदेशक होते तिथं सहा महिन्यांनी शंभरातले ६५ बरे झालेले दिसले. जिथं नव्हते तिथं ५३. सरकारी केंद्रांत फरक मोठा होता. खासगी डॉक्टरांकडे फरक फारसा दिसला नाही. म्हणजे जिथं रांग लांब आणि डॉक्टरला वेळ कमी, तिथं या माणसाची गरज जास्त, असं मला त्यातून दिसतं. आपलं कॅम्पाजवळचं क्लिनिक यातल्या कुठल्या प्रकारात बसतं ते तुम्हीच ठरवा.

पुढं २०१७ मध्ये त्यांनी आणखी दोन निकाल मांडले. एक जास्त तीव्र उदासीच्या लोकांवर. सहा ते आठ बैठका, त्याही साध्या समुपदेशकाबरोबर. तीन महिन्यांनी शंभरातले ६४ आजारातून बाहेर आले. नेहमीच्या उपचारात ३९. पद्धत अगदी आपल्या कामासारखी आहे. मन बरं होईल मग उठीन असं म्हणत बसायचं नाही. उठून एक छोटं काम करायचं, म्हणजे मन हलतं. अंघोळ, दाढी, घरी एक फोन, संध्याकाळी कॅम्पाला एक फेरी. रोज लिहायचं, पुढच्या बैठकीत दाखवायचं. दुसरा निकाल दारू पिणाऱ्या पुरुषांवर. जास्तीत जास्त चार बैठका, आणि त्यातून सुधारलेले शंभरात ३६, विरुद्ध २६. जादू नाही. पण कॅम्पात शुक्रवार-शनिवारची रात्र पाहिलेल्या माणसाला शंभरात दहा माणसं म्हणजे किती, हे सांगायला नको.

आफ्रिकेत झिम्बाब्वे देशात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारे शहराच्या म्बारे वस्तीत चौदा आज्यांना हे काम शिकवलं. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक. त्यावर आजी बसते, शेजारी दुःखी माणूस. तिथल्या भाषेत या आजाराला जो शब्द आहे त्याचा अर्थ होतो "फार विचार करणं". आपल्याकडे "डोक्यात विचार फिरतात" म्हणतात तेच. आजी रोगाचं इंग्रजी नाव सांगत नाही. ती विचारते, यातली कुठली अडचण आधी सोडवायची? २०१६ मध्ये त्याचाही अभ्यास छापून आला आणि लक्षणं बरीच कमी झालेली दिसली.

आपल्या महाराष्ट्रातही हे घडलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि बालमृत्यू कमी झाले. तो अभ्यास १९९९ चा. गावातली थोडी शिकलेली बाई हे करू शकते हे तिथं सिद्ध झालं. २००५ पासून देशभर आशाताई आल्या. नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात आत्मीयता नावाच्या उपक्रमात गावातलीच माणसं शेजाऱ्यांच्या मनाची विचारपूस करायला शिकली. सिंगापूरमध्ये २०२० च्या साथीत कामगार डॉर्मिटरीत कोंडले गेले, त्यानंतर तिथं कामगारांमधूनच सोबती तयार करायचं काम सुरू झालं. म्हणजे परदेशात राबणाऱ्या मजुरांसाठीही हे करता येतं.

हा माणूस नेमकं काय करेल?

एक, ओळखणं. दोन प्रश्न जगभर वापरले जातात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं किती दिवस झालं? आणि मन खचल्यासारखं, निराश असं किती दिवस वाटलं? निम्म्याहून जास्त दिवस असं उत्तर आलं, तर पुढं नीट विचारपूस करायची.

दोन, ऐकणं. सल्ला न देता. "मला बघ, मी पण सहन केलं" हे न म्हणता. हे बोलायला सोपं आणि करायला अवघड आहे, म्हणूनच त्याचं प्रशिक्षण लागतं.

तीन, अडचणी कागदावर मांडणं आणि त्यातली एक निवडणं. पाच अडचणी एकदम डोक्यात असल्या की माणूस बसून राहतो. एक सुटली की त्याला हात चालवता येतो.

चार, सोबत जाणं. हे सगळ्यांत मोठं. क्लिनिकला फोन करून वेळ घेणं, कार्डावर काय मिळतं ते विचारणं, रविवारी बरोबर बसने जाणं, डॉक्टरसमोर "करमत नाही" म्हणजे काय ते सांगणं, औषध चालू केल्यावर आठवड्यात गुण आला नाही म्हणून सोडू नको हे समजावणं.

पाच, पुन्हा विचारणं. आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी. आपल्या धंद्यात माणसं एका साइटवर टिकत नाहीत. प्रोजेक्ट संपला, दुसऱ्या कॅम्पात बदली. म्हणून जशी कामाची हँडओव्हर देतो तशी इथंही, त्या माणसाला विचारून, पुढच्या कॅम्पातल्या आरोग्यदूताशी गाठ घालून द्यायची.

आणि तो काय करणार नाही हेही तेवढंच पक्कं हवं. औषध देणार नाही. रोगाचं नाव सांगणार नाही. देवधर्म, गंडेदोरे शिकवणार नाही. पैसे हातात घेणार नाही. ऐकलेलं कंपनीला सांगणार नाही. अपवाद एकच, जिवाला धोका असेल तेव्हा. कुणी मरणाची भाषा करत असेल तर सरळ विचारायचं, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट बोलायला वाट मिळते. मग त्याला एकटं सोडायचं नाही, आणि लगेच दवाखाना. यूएईत ॲम्ब्युलन्स ९९८.

एका कॅम्पातली गोष्ट माहितीतली आहे. तिथं असा कुणी नेमलेला आरोग्यदूत नव्हता, पण सोलापूरकडचा एक जुना स्टील फिक्सर ते काम आपसूक करायचा. खोलीतला एक तरुण हेल्पर गप्प गप्प झालेला. फिक्सरने त्याला तीन रविवार चहाला नेलं आणि फक्त ऐकलं. तेव्हा कळलं की एजंटला दिलेल्या पैशांसाठी घरची जमीन गहाण आहे आणि इकडे दोन महिन्यांचा पगार अडकलाय. फिक्सरने दोन गोष्टी एकत्र केल्या. पगाराची तक्रार नोंदवायला लावली, आणि त्याला बरोबर घेऊन डॉक्टरकडे गेला. पगार आला, औषध चालू झालं, दोन्ही. नुसत्या पगारानं तो तेव्हा झोपला नसता, आणि नुसत्या गोळीनं जमीन सुटली नसती.

हे काम सुपरवायझरला देऊ नका

कंपन्या असं काही करायचं ठरवतात तेव्हा पहिलं नाव सुपरवायझरचं काढतात, नाहीतर कॅम्प बॉसचं, सेफ्टी ऑफिसरचं. मी स्वतः सुपरवायझर असून सांगतो, हे काम आमच्याकडे देऊ नका. टाइमशीटवर सही आमची. ओव्हरटाइम कुणाला लावायचा ते आम्ही ठरवतो. सुट्टीच्या अर्जावर शेरा आमचा. आमचा स्वभाव कितीही चांगला असला तरी ज्याच्या हातात हजेरी आहे त्याच्यासमोर माणूस मन मोकळं करणार नाही, आणि करूही नये. कॅम्प बॉसच्या हातात खोली आहे. एचआरच्या हातात व्हिसा आहे. आरोग्यदूत अशा माणसांतून निवडायचा ज्याच्या हातात दुसऱ्याचं काहीच नाही: मेसन, सुतार, फिक्सर, ड्रायव्हर, कुक. आणि निवड खोल्यांतल्या लोकांनी करायची.

मग आमच्यासारख्यांचं काम काय? वाट अडवायची नाही. दवाखान्यात जायचंय म्हणाला तर चारचौघांत कारण खोदून विचारायचं नाही. झोप न झालेल्या माणसाला त्या दिवशी उंचीवर चढवायचं नाही, खाली काम द्यायचं, आणि हजेरी कापायची नाही. एवढं प्रत्येक सुपरवायझरच्या हातात आजही आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

"बोलून कर्ज फिटतं का?"

हा आक्षेप मी स्वतः साइटवर ऐकलाय आणि तो खरा आहे. भारताच्या नियमाप्रमाणे नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर कर एवढंच घेता येतं. प्रत्यक्षात आपल्यातल्या किती जणांनी तेवढंच दिलं, ते ज्याचं त्यानं आठवावं. त्या व्याजावर गोळी नाही. पासपोर्ट मालकाने काढून घेतलेला असेल तर त्यावर समुपदेशन हा इलाज नाही. पासपोर्ट परत घेणं हा इलाज आहे, आणि यूएईच्या कायद्यात कामगाराची कागदपत्रं अडकवून ठेवायला मालकाला बंदी आहे.

म्हणून आमची अट अशी. मनाचा आरोग्यदूत हा हक्काचाही जाणकार हवा. त्याला दोन दारं माहीत हवीत, एक डॉक्टरचं आणि एक तक्रारीचं. नाहीतर उद्या कंपन्या म्हणतील, पगार तीन महिने नाही पण आम्ही समुपदेशक ठेवलाय, श्वासाचे व्यायाम करा. हा धोका खरा आहे. ज्या दुःखाचं मूळ अन्यायात आहे त्याला आजार म्हणून बाजूला सारू द्यायचं नाही. पण उलटंही तितकंच खरं. अन्याय मिटायला महिने लागतात, आणि तेवढे महिने माणसानं उभं राहायला हवं. खचलेला माणूस तक्रारीच्या तारखेलाही जात नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा. सेवा म्हणून फुकट करा, असं कुणी म्हणेल. नको. आशाताईंचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. गावोगाव आरोग्यखातं त्यांच्या खांद्यावर, आणि मोबदल्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावं लागतं. तीच चूक इथं नको. हिशेब मांडू. चारशे माणसांचा कॅम्प. पन्नास माणसांमागं एक, म्हणजे आठ आरोग्यदूत. प्रत्येकाला आठवड्याला दोन तास कामाचे म्हणून धरा. झाले १६ तास. त्याच चारशे माणसांचा रोज दहा मिनिटांचा टूलबॉक्स टॉक आठवड्याच्या सहा दिवसांत ४०० तास घेतो, आणि तो कुणाला जड वाटत नाही, वाटूही नये. ४०० मध्ये १६ घातले तर कुठली कंपनी बुडणार आहे?

एक गोष्ट मात्र स्वस्तात होत नाही. या आरोग्यदूतांच्या मागं एक शिकलेला समुपदेशक किंवा डॉक्टर उभा हवा, जो दर आठवड्याला त्यांचं ऐकेल, चुकलं तिथं सांगेल, आणि अवघड केस स्वतःकडे घेईल. गोव्यात हेच केलं होतं. बैठकांचं रेकॉर्डिंग ऐकून समुपदेशक एकमेकांचं काम तपासायचे. दोन दिवसांचा कोर्स, सर्टिफिकेट, फोटो आणि संपलं, असं केलं तर न केलेलं बरं. दुसऱ्याचं दुःख ऐकणाऱ्यालाही कुणीतरी ऐकणारा लागतो.

कुणाकडून काय हवंय

कंपन्यांकडून: कॅम्पात बसून बोलता येईल अशी एक खोली, जिथं कॅमेरा नाही. आठवड्याचे दोन तास. आरोग्यदूताकडून कसलीही नावं न मागण्याची लेखी हमी. विमा कार्डावर मनाच्या उपचाराचं काय मिळतं याचा मराठी-हिंदीतला एक कागद.

भारत सरकारकडून: इसीआर पासपोर्टवर जाणाऱ्यांना प्रवासाआधी एक दिवसाचं प्रशिक्षण असतं. त्यात एक तास मनाच्या आरोग्यासाठी द्या. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. ती देशातल्या लोकांसाठी बांधलेली आहे. परदेशातल्या कामगारालाही तिथं सहज आणि फुकट पोचता येईल अशी सोय करा. दुबईचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र ८०० ४६३४२ या फुकट नंबरवर मदत करतं. तिथल्या मदतीला कॅम्पातल्या आरोग्यदूतांचं जाळं जोडा. दूतावासांकडचा भारतीय समुदाय कल्याण निधी अडचणीतल्या कामगारांसाठीच आहे, तो माणूस गेल्यावरच नको, आधी वापरा.

आपल्या मराठी मंडळांकडून: गणपती थाटात होतो, नाटकं येतात, ढोलपथकं आहेत, अभिमान आहे. पण मंडळाचा हॉल आणि सोनापूरचा कॅम्प यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर आहे आणि ते वर्षभर तसंच राहतं. मंडळात मराठी डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत. महिन्यातला एक रविवार द्या. आठ-दहा कामगारांना शिकवा, मग त्यांच्या पाठीशी राहा. वर्गणीपेक्षा हे जास्त लागतं.

आणि घरकाम करणाऱ्या आपल्या बायकांना विसरू नका. त्या कॅम्पात नाहीत, एकेका घरात एकट्या आहेत. त्यांच्यापर्यंत बाईच पोचू शकते, तीही सुट्टीच्या दिवशी, देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात, पैसे पाठवायच्या एक्स्चेंजच्या रांगेत. त्यांच्यासाठी वेगळी आरोग्यदूत हवी.

आज काय करता येईल

वरचं सगळं व्हायला वेळ लागेल. तोवर तुम्ही, जे हा लेख बंकवर पडून वाचताय, ते एवढं करू शकता. खोलीत ज्याच्याकडे लोक आपसूक बोलतात असा एक माणूस प्रत्येक खोलीत असतो. त्याला वरचे दोन प्रश्न शिकवा. तुमच्या कार्डाचा हेल्पलाइन नंबर फिरवून "मानसिक उपचार यात आहेत का, कुठल्या दवाखान्यात" एवढं विचारून घ्या आणि उत्तर खोलीच्या ग्रुपवर टाका. ८०० ४६३४२ आणि ९९८ हे दोन नंबर फोनमध्ये ठेवा. गावाकडे बायको, आई खचलेली वाटत असेल, तर तिला १४४१६ सांगा. इकडचं दुःख तिकडेही पोचलेलं असतं.

आणि शेजारचा डबा तसाच परत जात असेल तर उद्याची वाट बघू नका. "काय झालं?" असं दारातून विचारू नका, त्याला "काही नाही" असंच उत्तर येतं. चहा घ्या, शेजारी बसा, आणि म्हणा, "चार दिवस बघतोय, तू झोपत नाहीस. मला वेळ आहे. सांग."